बिनआवाजाच्या गाडीची पारख

देवासच्या शिवाजीरावांनी गाडी घेतली याचं धारच्या उदाजीरावांना काही वाटलं नसतं. माणसं गाड्या घेतातच. पण शिवाजीरावांनी गाडी घेतली आणि आपल्याला विचारलं नाही, हे कळल्यावर त्यांनी तोंडाजवळ नेलेला चहाचा कप पुन्हा बशीत ठेवला आणि चहा तसाच निवत राहिला. बरं, बातमी दिली ती भाऊबंदांतल्या बदनावरच्या भगवंतरावांनी, आणि तीही अशा सुरात की जणू उदाजीरावांनी आता पेढे वाटावेत.

"दादासाहेब, देवासला हायब्रिड आली की हो," भगवंतराव फोनवर सांगत होते. "सेडान आहे. पेट्रोलवरही चालते, बॅटरीवरही. आणि चार्जिंगला लावायची झंझटच नाही, चालता चालता स्वतःच भरून घेते. मी तर शिवाजीरावांना म्हटलं, माझ्यासाठीपण बघून ठेवा एक."

शिवाजीरावांना म्हटलं. हे शब्द उदाजीरावांच्या पोटात जे जाऊन बसले, ते रात्रीच्या खिचडीनेही खाली सरकले नाहीत.

आता या विचारण्याचं एवढं काय, ते सांगायला हवं. उदाजीरावांचे पणजोबा धारच्या दरबारात घोड्यांच्या पागेवर होते. घोडा पारखण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता म्हणे. भाऊबंदांपैकी कुणीही नवा घोडा घेतला की तो आधी त्यांच्या दारात यायचा. ते जनावराच्या मानेवर हात ठेवायचे, डोळे मिटून त्याचा श्वास ऐकायचे आणि "चालेल" म्हणायचे. मग त्यांना नारळ आणि शेला, आणि त्यानंतरच मालकाचा पाय रिकिबीत. पण "चालणार नाही" म्हणाले, तर ते जनावर दसऱ्याच्या पूजेला मालकाकडे दिसता कामा नये, मग कितीही हौसेने आणलेलं असो. घोडे गेले, पागा गेली, दरबारही गेला. धारच्या घराने हा मान मात्र सोडला नाही. घोड्याच्या जागी आधी जीप आली, मग मोटारी. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, गुडघे दुखणारे, त्रेसष्ट वर्षांचे उदाजीराव अजूनही बॉनेटवर हात ठेवत, डोळे मिटत, इंजिन ऐकत आणि निकाल देत.

तीस वर्षांत भाऊबंदांच्या अकरा गाड्या त्यांनी पास केल्या होत्या, आणि अकराच्या अकरा एकाच कंपनीच्या. दुसऱ्या कंपनीचं इंजिन त्यांच्या कानाला कधी पटलं नाही. खरं सांगायचं तर त्यांनी ते कधी ऐकलंच नव्हतं. लग्नकार्यात चारचौघांत "गाडी घ्यायचीय, दादासाहेब, आपलं काय मत?" असं कुणी विचारलं की ते जरा वेळ गप्प बसत, सुपारी कातरत, आणि बाकीचे बोलायचे थांबत. पेन्शन मिळत होतं, शेती अर्ध्या वाट्याने दिली होती, मुलगा कमावता होता. दुसऱ्याने येऊन विचारावं असं त्यांच्याजवळ हे एवढंच उरलं होतं. आणि तेच आता देवासला चाललं होतं, सख्ख्या चुलतभावाकडे, जो पाच वर्षांनी लहान होता आणि ज्याला त्यांनी स्वतः हात धरून सायकल शिकवली होती.

पंधरा दिवसांनी शिवाजीराव स्वतः गाडी घेऊन धारला आले. सोबत नारळ, सोबत शेला, वाकून नमस्कार. उदाजीरावांना हे जास्तच लागलं. माणसाने उद्धटपणा तरी नीट करावा, म्हणजे रागावता येतं.

"दादासाहेब, चुकलं माझं," शिवाजीराव म्हणाले. "आधी यायला हवं होतं. पण आलो आहे. आपण पाहावी, आणि आपण सांगाल तसं."

गाडी मोतिया रंगाची होती. लांब, खाली बसलेली, अंगणात शिरली तेव्हा चाकांखालची वाळू तेवढी वाजली. उदाजीरावांच्या पत्नी सगुणाबाई ओवाळणीचं ताट घेऊन बाहेर आल्या. मुलगा यशराज आधीच गाडीभोवती दोन फेऱ्या मारून आला होता. त्याची सात वर्षांची चिऊ काचेला नाक लावून उभी होती. उदाजीरावांनी सदऱ्याची बाही सारखी केली, पुढे झाले, बॉनेटवर उजवा हात ठेवला आणि डोळे मिटले.

बराच वेळ गेला.

"सुरू करा," ते म्हणाले.

"सुरूच आहे, दादासाहेब," शिवाजीराव आतून म्हणाले.

उदाजीरावांनी डोळे उघडले. हाताखाली काही थरथरत नव्हतं. कानाला काही येत नव्हतं. त्यांनी वाकून बॉनेटला कान लावला. गाडी गप्प. दोन घरं सोडून कुणाचा तरी मिक्सर चालू होता, तो मात्र स्वच्छ ऐकू येत होता.

"बंद पडलीय," उदाजीराव म्हणाले.

शिवाजीरावांनी गाडी हातभर पुढे घेतली. उदाजीराव दचकून मागे सरले, त्यांची चप्पल निसटली, आणि चिऊ खदखदून हसली. ती हसली म्हणून यशराज हसला. सगुणाबाईंनी पदर तोंडाशी नेला, पण त्यांचे खांदे हलत होते ते लपले नाहीत. फक्त शिवाजीराव हसले नाहीत. ते घाईने खाली उतरले आणि चप्पल उचलून त्यांनी दादासाहेबांच्या पायापाशी ठेवली. त्या क्षणी उदाजीरावांना वाटलं, हा हसला असता तर फार बरं झालं असतं.

"ऐकायला काही नाहीच तर पारख कशाची करू?" ते तुटकपणे म्हणाले. "या गाडीला चालवूनच बघावं लागेल. नारळ ठेवा तसाच."

त्या दिवशी जेवताना यशराजने विषय काढला. तो पीथमपूरच्या एका कारखान्यात होता, रोज कंपनीच्या बसने जायचा, आणि दारातली चौदा वर्षांची डिझेल गाडी आता सकाळी सकाळी खोकल्याशिवाय उठत नव्हती.

"आबासाहेब, मला हीच घ्यायचीय," तो म्हणाला. "अपन ने कितने साल एकच कंपनी चालवली. आता बदलू या ना. काकासाहेब म्हणतात चोवीसचा अॅव्हरेज देते. शहरात तर अजून जास्त."

"काकासाहेब म्हणतात," उदाजीराव म्हणाले.

"तसं नाही हो. शेवटचा शब्द तुमचाच. तुम्ही नाही म्हटलंत तर नाही. आपल्याच कंपनीची घेईन, चुपचाप."

मुलगा खरंच तसा होता. बापाच्या शब्दाबाहेर जाणारा नव्हता. हे समाधान मानायचं सोडून उदाजीरावांच्या डोक्यात एकच घोळत राहिलं, की पोराने आधी विचारलं देवासला आणि मग धारला. मग शिवाजीरावांच्या समोरच ठरलं. नवरात्रातल्या अष्टमीला सगळे भाऊबंद देवासला जमतात, टेकडीवर देवीचं दर्शन घेतात आणि शिवाजीरावांकडे कुळाचाराचं जेवण होतं. त्या दिवशी उदाजीराव ही गाडी एकटे चालवत देवासला नेतील. निघताना धारला टाकी काठोकाठ भरायची, पोचल्यावर देवासला पुन्हा काठोकाठ भरायची, आणि जेवढं पेट्रोल बसेल त्यावर निकाल. तोवर गाडी धारलाच राहील.

"आणि आपली अडचण नको म्हणून मी आपली डिझेल घेऊन जातो," शिवाजीराव म्हणाले. खोकणाऱ्या गाडीत बसून ते गेलेसुद्धा.

पुढचे चार दिवस ती मोतिया गाडी अंगणात उभी होती आणि उदाजीराव व्हरांड्यात बसून तिच्याकडे बघत होते. येणारे जाणारे विचारत, "कब ली, बाऊजी?" आणि त्यांना सांगावं लागे की आपली नाही, भावाची आहे. दूधवाल्याला सांगितलं, पेपरवाल्याला सांगितलं, समोरच्या वकिलांना तर दोनदा सांगितलं. प्रत्येक वेळी शिवाजीरावांचं नाव स्वतःच्या तोंडाने घ्यावं लागत होतं. असा जळफळाट त्यांनी नोकरीत बढती हुकली तेव्हाही अनुभवला नव्हता.

अष्टमीच्या सकाळी भगवंतराव बदनावरहून आपल्या गाडीने आले आणि सगुणाबाई, यशराज, सूनबाई आणि चिऊला घेऊन पुढे निघणार होते. निघता निघता सगुणाबाईंचं लक्ष गेलं. उदाजीराव गड्याकरवी शेतावरच्या सोयाबीनची पोती गाडीत चढवत होते. एक डिकीत गेलं. दुसरं मागच्या सीटवर, खाली जुनी चादर अंथरून.

"अहो, हे काय?" त्यांनी विचारलं.

"शिवाजीरावांकडे नेतोय."

"देवासला सोयाबीन मिळत नाही का?"

"माणसं बसतात तेव्हा गाडीत वजन असतंच की. रिकामी गाडी काय, कुणीही चालवेल," उदाजीराव म्हणाले, आणि तिकडे बघायचं टाळलं.

चाळीस वर्षांच्या संसारात सगुणाबाईंना हा माणूस पाठ झाला होता. गाडीत बसताना त्या एवढंच म्हणाल्या, "नीट या. आणि नीट वागा."

धारच्या पंपावर उदाजीरावांनी टाकी काठोकाठ भरून घेतली. मग गाडीत बसले आणि जे काही करता येईल ते सगळं त्यांनी केलं. एसी शेवटपर्यंत थंड केला आणि वर दोन्ही काचा उघड्या ठेवल्या. मोकळा रस्ता दिसला की पाय खोल दाबला, ट्रक दिसला की करकचून ब्रेक. बेटमापर्यंत त्यांनी ती गाडी अशी चालवली की वैऱ्याची असती तरी वाईट वाटलं असतं. तोंडाने ते स्वतःला समजावत होते, की कसोटी म्हणजे कसोटी, लाड कसले.

बेटमा सोडल्यावर मात्र वाऱ्याने डोळ्यांत पाणी यायला लागलं म्हणून त्यांनी काचा वर घेतल्या. आणि आत एकदम शांत झालं. इतकं शांत की मागच्या पोत्यात दाणे सरकल्याची खसखस त्यांना ऐकू आली. चौदा वर्षं त्यांनी डिझेलच्या घरघरीत गाडी चालवली होती. शेजारी बसलेल्या सगुणाबाई काय बोलतात ते अर्धं ऐकू यायचं नाही, म्हणून दोघांनी गाडीत बोलणंच सोडलं होतं, हे त्यांना आज आठवलं. पुढे गुडघा दुखतोय का म्हणून त्यांनी पाय हलवून पाहिला. दुखत नव्हता. क्लच नव्हताच. बायपासच्या गर्दीत गाडी थांबत होती, सरकत होती, पुन्हा थांबत होती, आणि त्यांच्या डाव्या पायाला काहीही काम नव्हतं.

त्यांना ती गाडी आवडली. मनापासून आवडली. ही गोष्ट त्यांच्या लक्षात आली तेव्हा त्यांना आनंद व्हायला हवा होता, पण झालं उलटंच. आवडली ती शिवाजीची होती. त्याने कुणालाही न विचारता, कान न लावता, हात न ठेवता निवडली होती, आणि बरोबर निवडली होती. मग आपण इतकी वर्षं डोळे मिटून करत काय होतो? या विचारासरशी त्यांनी पाय पुन्हा खोल दाबला.

देवासच्या पंपावरचा मुलगा नळी लावून उभा राहिला आणि लगेचच म्हणाला, "हो गया, बाऊजी."

"क्या हो गया? और डाल."

"अब कहाँ डालूँ भिया, टंकी के मुंडे तक आ गया."

उदाजीराव खाली उतरले. त्यांनी मागून गाडी दोन्ही हातांनी हलवली, म्हणजे आत काही पोकळी असेल तर भरावी. मुलाने चार थेंब आणखी घातले. आकडा होता चार लिटर आणि वर थोडंसं. रस्ता शंभर किलोमीटर. दोन पोती सोयाबीन, उघड्या काचा, करकचून ब्रेक, सगळं धरून चोवीसला जेमतेम काही कमी.

पंपाच्या कडेला ते पाच मिनिटं तसेच बसून राहिले. खरं सांगितलं तर काय होणार, ते त्यांना लख्ख दिसत होतं. यशराज ही गाडी घेईल. भगवंतराव घेतील. पुढच्या दसऱ्याला आणखी दोघं. आणि पुढे कुणाला काही विचारायचं झालं, तर माणसं देवासचा फोन लावतील. पावतीचे त्यांनी चार तुकडे केले आणि पंपावरच्या डब्यात टाकले.

शिवाजीरावांच्या फाटकाशी सगळे वाटच बघत होते. उदाजीराव गाडीतून उतरले नाहीत तोच भगवंतराव पुढे झाले.

"बोला, दादासाहेब. किती?"

"सोळा," उदाजीराव म्हणाले. आवाज जरासुद्धा हलला नाही. "फार ओढून ताणून साडेसोळा. ते चोवीस बिवीस कागदावरचं. चालणार नाही."

यशराजचा चेहरा पडला. भगवंतरावांनी मान हलवली आणि म्हणाले, "बघा, तरी मी म्हणत होतो, दादासाहेबांना विचारल्याशिवाय नको." हे ते कधी म्हणाले होते ते त्यांनाच ठाऊक. पण बाकीच्यांनीही माना डोलावल्या. उदाजीरावांना छातीत ऊब आल्यासारखं वाटलं, क्षणभर.

"आपण आत बसावं, दादासाहेब," शिवाजीराव शांतपणे म्हणाले. "मी गाडी सावलीत लावतो."

किल्ली घेऊन ते गाडीत बसले. गाडी कडुनिंबाखाली जाऊन उभी राहिली, पण शिवाजीराव लगेच उतरले नाहीत. व्हरांड्यातून उदाजीरावांना दिसलं, की ते पुढच्या स्क्रीनकडे बघत बसलेत. मग त्यांनी मागे वळून सीटवरच्या पोत्याकडे बघितलं. मग पुन्हा स्क्रीनकडे. मग हात पुढे करून काही तरी दाबलं, आणि उतरले. आत येताना त्यांनी उदाजीरावांकडे पाहिलं नाही.

टेकडीवर जाऊन आल्यावर पंगत बसली. पुरणाचा घास, वर तूप, कटाची आमटी. शिवाजीरावांच्या पत्नी राजाबाई वहिनी वाढत होत्या आणि शिवाजीराव स्वतः आग्रह करत फिरत होते. जेवणात यशराजचं लक्ष नव्हतं. तो एकदम म्हणाला, "अरे, पण स्क्रीनवर तर असतं ना सगळं. आबासाहेब, ती गाडी प्रत्येक ट्रिपचा अॅव्हरेज स्वतः लिहून ठेवते. पता चल जाएगा कितना दिया. बघून येतो."

गाडीला आवाज नाही एवढंच उदाजीरावांना माहीत होतं. ती लिहून ठेवते, हे कुणी सांगितलं नव्हतं. यशराज उष्ट्या हाताने उठून गेला, आणि ते पानाकडे बघत बसले. हातातला घास ना तोंडात जात होता ना पानात. चाळीस माणसांच्या पंगतीत आता आपल्या अब्रूचं काय होणार, एवढाच विचार त्यांना सुचत होता.

यशराज परत आला. "शून्य आहे. सब साफ."

"ते मी पुसलं," शिवाजीराव म्हणाले. ते भगवंतरावांच्या पानात तूप वाढत होते. "गाडी लावताना पुसलं. आणि त्यात बघायचं काय? दादासाहेबांनी सांगितलं ते झालं. स्क्रीन मलाही जास्तच दाखवत असेल." मग तुपाची वाटी खाली ठेवून ते सरळ उभे राहिले. "आणि घरची रीत आहे ती आहे. परवा दसरा. उद्या गाडी इंदूरला नेतो आणि विकायला देऊन येतो. घेताना दादासाहेबांना विचारलं नाही, कारण खरं सांगू? ते नाही म्हणाले असते तर मला घेता आली नसती, आणि मला ती फार घ्यायची होती. तेवढी चूक झाली."

राजाबाई वहिनींच्या हातातली पळी थांबली. त्यांना हे पहिल्यांदाच कळत होतं. त्या आत निघून गेल्या. शिवाजीराव पुन्हा वाटी उचलून पुढच्या पानाकडे वळले, आणि ते पुढचं पान उदाजीरावांचं होतं.

"तूप, दादासाहेब?"

उदाजीरावांनी वर पाहिलं. समोरच्या चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणा नव्हता, उपकारही नव्हते. भाऊ तूप विचारत होता. आकडा त्याने पाहिला होता, पोतं पाहिलं होतं, आणि जे पाहिलं ते पुसून, आवडती गाडी घालवून, हा तूप विचारत होता. आपल्याला हे जमलं असतं का? सात जन्मांत जमलं नसतं. गाडीचा हेवा, चोवीसचा हेवा, भगवंतरावांच्या फोनचा हेवा, ते सगळं त्या क्षणी उदाजीरावांना पोरखेळ वाटलं. खरा हेवा त्यांना आत्ता वाटला, आणि तो इतका कडकडून वाटला की त्यांना पानावर बसवेना.

ते उठले. चाळीस माणसं बघायला लागली.

"चोवीस," उदाजीराव म्हणाले. "चोवीस दिले गाडीने. सोळा नाही. मी खोटं बोललो."

क्षणभर कुणाला काही उमगेना. मग भगवंतरावांनी बोटं चाटली आणि गहिवरून म्हणाले, "याला म्हणतात थोरलेपण. भावाची गाडी जाऊ नये म्हणून दादासाहेब स्वतःकडे खोटेपणा घेतायत."

"अहो, नाही. मी खरंच..."

"आम्हाला कळत नाही का?" पंगतीच्या टोकाकडून कुणी तरी म्हणालं. "तीस वर्षांत आपला शब्द खोटा ठरलाय का कधी?"

माणसं माना डोलावत होती. एका म्हातारबुवांनी तर डोळे पुसले. उदाजीराव हात हलवून नाही नाही म्हणत राहिले आणि जितकं नाही म्हणत तितके ते सगळ्यांच्या नजरेत मोठे होत गेले. त्यांनी सगुणाबाईंकडे पाहिलं. बायकांच्या पंगतीत त्या मान खाली घालून बसल्या होत्या. त्यांना सोयाबीन माहीत होतं. त्यांचे कान लाल झाले होते.

"शिवाजीराव, तुम्ही सांगा," उदाजीराव म्हणाले. "तुम्ही पाहिलंय."

शिवाजीराव वाटी हातात घेऊन उभे होते. त्यांनी दादासाहेबांकडे पाहिलं, पंगतीकडे पाहिलं, आणि मान खाली घातली. दादासाहेबांना चारचौघांत खोटं पाडणं त्यांना या जन्मी शक्य नव्हतं. स्वतः दादासाहेबांनी सांगितलं तरी नव्हतं.

तेव्हा उदाजीरावांना कळलं, की शब्दाने आता काही होणार नाही. शब्द त्यांचा त्यांनीच वापरून टाकला होता.

"यशराज," ते म्हणाले. "बुक कर."

"काय बुक करू?"

"हीच. हायब्रिड. आपल्या दाराशी हीच येईल. कंपनी बदलायची. आजच फोन लाव, परवा दसऱ्याला बुकिंगची पावती देवापुढे ठेवू. आणि शिवाजीराव, मी घेतोय ती गाडी चालणार नाही असं कसं होईल? तुमची कुठेही जाणार नाही."

आता मात्र भगवंतरावांचा घास अर्ध्यावर राहिला. त्यांना खरोखरच कळेना. उदाजीराव स्वतःच्या दारात खोटी गाडी आणणार नाहीत, एवढं तर त्यांनाही ठाऊक होतं. मग सोळा कुठून आले? त्यांनी सगुणाबाईंकडे बघितलं, शिवाजीरावांकडे बघितलं, आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरचा गहिवर उतरत गेला. पंगतीत एकेक चेहरा तसा उतरताना उदाजीराव उभ्याने बघत होते. कुणीही काही बोललं नाही. ते बोलले असते तर सोपं गेलं असतं.

"पण आबासाहेब," यशराज अडखळत म्हणाला. मुलगा सरळ होता, रीतीचा पक्का होता. "आपल्या घरात पारखल्याशिवाय गाडी येत नाही. तुम्ही तर... म्हणजे, ही पास केली कुणी म्हणून सांगू?"

उदाजीरावांनी पाण्याचा तांब्या उचलला, एक घोट घेतला आणि खाली ठेवला. पोटात अजूनही दुखत होतं. ते थांबलेलं नव्हतं आणि थांबेल असंही वाटत नव्हतं.

"देवासच्या काकासाहेबांनी," ते म्हणाले, आणि पुन्हा पानावर बसले. "तूप वाढा, शिवाजीराव."